अंधारखोलीतला दुसरा वाचणारा

पटलं तर ठेवा, नाही पटलं तर सोडून द्या. पण यातला एकही शब्द मी पदरचा घातलेला नाही.

ज्यांच्यावर हे गुदरलं ते माझे सख्खे मामा, कडूबा. आणि अगदी शेवटी जे घडलं, तेव्हा मी स्वतः त्यांच्यासमोर दीड हातावर बसलो होतो.

असल्या गोष्टींत रात्र असते, अवस असते, लांब कुठंतरी कुत्रं रडत असतं. इथं तसलं काही नव्हतं. साल १९९७, मे महिन्याची तेरा तारीख, मंगळवार, दुपारचे साडेबारा. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत ऊन असं पडलं होतं की डांबराला चपला चिकटत होत्या.

अंधार होता तो एकाच खोलीत.

त्या खोलीत आमचे मामा पगार घेऊन बसत असत.

वर्कशॉपचं नाव सांगत नाही. आता मालकाची मुलं ते चालवतात आणि त्यांना ही गोष्ट काढलेली आवडत नाही. विमानात पायलटच्या डोळ्यांसमोर काळ्या पट्टीवर अक्षरं उजळतात ना, त्या पट्ट्या तिथं तयार व्हायच्या. पट्टीला म्हणायचं पॅनेल आणि एकेका अक्षराच्या चौकोनाला म्हणायचं घर. तेल कमी झालं की 'ऑइल'चं घर पेटणार. दार नीट लागलं नसलं की 'डोअर'चं.

मालक आप्पासाहेब स्वतः इंजिनिअर. विमानाच्या मोठ्या कारखान्यात वीस वर्षं काढून आलेले. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "दिवा कोणीही लावील हो. लावतं मशीन, पण वाचतो माणूस. आणि माणूस लई बेभरवशाचं यंत्र आहे."

खरंच होतं ते. रात्री विमानात दिवे जास्त उजळले तर पायलटचे डोळे दिपतात, बाहेरचं काही दिसत नाही. फार मंद केले तर अक्षरंच लागत नाहीत. या दोन्हींच्या मधे बोटभर जागा. त्या बोटभर जागेसाठी वर्कशॉपमधली नऊ माणसं दिवसभर राबायची.

आणि ती जागा सापडली की नाही हे सांगायला होते वाचणारे.

प्रत्येक पॅनेलला तीन वाचणारे लागत. एक पंचविशीच्या आतला, एक तिशी-चाळिशीतला आणि एक पन्नाशीच्या पुढचा. कारण विमान चालवणारे सगळेच काही कोवळे नसतात, आणि डोळे वयाबरोबर म्हातारे होतात. पन्नाशीच्या पुढचे म्हणजे आमचे मामा.

रीत अशी. खोलीला खिडकी नाही. भिंती काळ्या, दाराला आतून जाड घोंगडी. मधे एक खुर्ची, समोर पॅनेल. वाचणाऱ्यानं आधी अर्धा तास नुसतं काळोखात बसायचं. याला तिथं 'डोळे मुरवणं' म्हणत. लोणचं मुरतं तसे डोळे अंधारात मुरले पाहिजेत, मग कुठं मंद अक्षर दिसू लागतं. अर्ध्या तासानं बाहेरून घंटी वाजायची आणि एक घर अगदी कमी उजेडात पेटायचं. आतल्या माणसानं वाचून मोठ्यानं सांगायचं. बाहेर माइकवर ऐकून एक मुलगी घड्याळ थांबवायची आणि वहीत वेळ लिहायची.

मधेच केव्हातरी ती घंटी वाजवायची आणि काहीच पेटवायची नाही. तेव्हा म्हणायचं, "कोरी." अंदाजपंचे ठोकणारा माणूस इथं हमखास पकडला जायचा.

ही मुलगी म्हणजे गुलशन. अठ्ठावीस वर्षांची, पॉलिटेक्निकचा डिप्लोमा केलेली. हिशेबाला अशी पक्की की सेकंदाचा दहावा भागही ती सोडत नसे. तिचे वडील मजीदमियाँ याच वर्कशॉपमधे पॅनेलवर अक्षरं कोरायचे, आणि मामांच्या जोडीनं वाचायलाही बसायचे. मामांना एक अक्षर वाचायला दीड सेकंद लागायचा, मजीदमियाँना पाऊण.

"कडूभाई, तुम्ही वाचता का पारायण करता?" मजीदमियाँ चहाच्या वेळेला हटकून विचारायचे.

"तुमच्यासारखं घाई करून मला कुठं जायचंय?" मामांचं उत्तरही ठरलेलं.

घाई करून मजीदमियाँच गेले. आदल्या दसऱ्याला गुलमंडीत कापड बघता बघता छातीत कळ आली आणि दुकानाच्या गादीवरच आडवे झाले. तेव्हापासून ती खुर्ची एकट्या मामांची.

आता खरी अडचण सांगतो.

त्या संक्रांतीपासून मामांना अंधारात दिसत नव्हतं.

संध्याकाळी सायकलवरून मुकुंदवाडीला घरी जाताना ते थेट म्हशीवर गेले. दोष त्यांनी म्हशीला दिला. पुढच्या आठवड्यात विजेचा खांब आडवा आला. खांबाला दोष देणं जरा जड गेलं, म्हणून मग गुपचूप डॉक्टरकडं गेले. डॉक्टर म्हणाला, काळोखात बघायची डोळ्याची जी शक्ती असते ती वाळत चाललीय. परत येणार नाही. दिवसाची नजर हळूहळू जाईल.

मामांनी हे कोणाला म्हणजे कोणालाच सांगितलं नाही.

का, ते मला विचारा. बायको जाऊन दहा वर्षं झालेली. मूलबाळ नाही. मुकुंदवाडीत एक खोली आणि गावाकडं, देवगाव रंगारीला, धाकट्या भावाचं घर. त्या घरात दगडाबाई, भावजय. गावात मामांना 'विमानवाले कडूबा' म्हणत. विमानात ते एकदाही बसलेले नव्हते, पण पोळ्याला गेले की पारावर त्यांना जागा मिळायची. वाचता येत नाही म्हटलं की नोकरी गेली. नोकरी गेली की मुकाट दगडाबाईच्या ओसरीवर. त्यापेक्षा विमानातून पडलेलं परवडलं, असं ते एकदा माझ्याशी बोलले होते.

संक्रांतीनंतर चार महिने नवं पॅनेल आलं नाही, म्हणून झाकून गेलं. मे महिन्यात आलं. बंगळूरच्या एका कंपनीचं, आठ घरांचं. त्यात एक घर पहिल्यांदाच लाल अक्षरांचं होतं, 'फायर'चं. आजवर त्या वर्कशॉपमधे पिवळी आणि पांढरीच अक्षरं व्हायची. मंगळवार, बुधवार, गुरुवार वाचन, आणि शुक्रवारी बंगळूरची माणसं पॅनेल न्यायला येणार.

मंगळवारी साडेबाराला मामा खुर्चीत बसले. दार लागलं. घोंगडी पडली.

अर्धा तास डोळे मुरले. मुरून काय होणार? डोळे उघडे ठेवा का मिटा, सारखंच.

पॅनेलच्या ट्रान्सफॉर्मरची घूं… अशी बारीक घरघर तेवढी ऐकू येत होती.

घंटी वाजली.

मामांसमोर काहीच नव्हतं. ठिपका नाही, धुरकट डाग नाही. काहीतरी ठोकून द्यावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं…

आणि ट्रान्सफॉर्मरची घरघर थांबली.

डाव्या कानाशी, अगदी जवळून, कोणीतरी म्हणालं…

"ऑइल."

मामांच्या तोंडून आपोआप निघालं, "ऑइल."

घरघर पुन्हा सुरू झाली.

"बरोबर, चाचा," स्पीकरमधून गुलशन म्हणाली.

पुन्हा घंटी. पुन्हा घरघर बंद.

"पंप."

"पंप," मामा म्हणाले.

तीस वेळा घंटी वाजली. चोवीस वेळा काहीतरी पेटलं होतं, सहा वेळा कोरी होती. आवाज आला की मामा तेच म्हणायचे. आवाज आला नाही की म्हणायचे, "कोरी."

बाहेर आले तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता. पण मन हलकं झालं होतं, कारण त्यांनी आपलं आपणच उत्तर शोधलं होतं. पोरीला माझं कळलंय, तीच माइकवरून हळूच सांगतेय. बाप गेल्यावर मला चाचा म्हणते, माया आहे.

त्यांनी गुलशनकडं बघून डोळा मिचकावला. "लई उपकार झाले गं पोरी."

"कशाचे?"

"आता मलाच विचारू राहिली! सांगत व्हती ना हळूच."

गुलशननं पेन खाली ठेवलं. "चाचा, माझा आवाज आत जायला हे बटण दाबावं लागतं. आणि एका हातात घंटी, एका हातात घड्याळ. तिसरा हात कुठून आणू मी?"

मामा हसले. हसू अर्ध्यावरच राहिलं.

त्या रात्री त्यांना झोप लागली असेल असं मला वाटत नाही. पण बुधवारी ते कामावर गेले. माणूस भितो, आणि तरीही जिथं आपली सोय होते तिथंच जातो. हे मी बऱ्याच जणांचं पाहिलंय.

बुधवारी खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी डावा हात लांब केला. हवाच होती. उजवा केला. हवा. मागं भिंतीपर्यंत चाचपून आले. कोणी नाही.

मजीदमियाँची एक शिकवण होती, की अंधारात मंद वस्तूकडं सरळ बघितलं की ती नाहीशी होते, जरा बाजूला बघितलं की डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसते. मामांनी मान थोडी फिरवली, डाव्या कोपऱ्यातून बघायचा प्रयत्न केला. पण बघायला डोळे कुठं होते?

घंटी वाजली. घरघर थांबली.

"डोअर."

या खेपेला मामांनी नीट ऐकलं. आवाज पुरुषाचा होता. 'र' जरा ओढलेला. आणि सांगून झाल्यावर श्वास घेतल्याचा आवाज आला नाही. एकदाही नाही.

त्या दिवशीही तीस वेळा वाचन झालं. मामा बाहेर आले तर गुलशन दोन वह्या शेजारी शेजारी उघडून बसली होती.

"चाचा, बसा जरा. हे बघा. तुमच्या वेळा. पाऊण सेकंद, पाऊण, पाऊणला थोडा कमी. तुम्ही दहा वर्षांत कधी दीडच्या खाली आला नाहीत."

"मग? सुधारलो म्हण."

"ही दुसरी वही अब्बांची आहे. गेल्या वर्षीची." तिनं बोट ठेवलं. "ऑइलला ते जरा थांबायचे, पंपला लवकर बोलायचे. तुमचं कालपासून तसंच येतंय. दहाव्या भागापर्यंत तसंच."

मामांनी सदऱ्याच्या टोकानं तोंड पुसलं.

"आणि एक. फायर तुम्हाला एकदाही दिसलं नाही. काल तीन वेळा लावलं, आज तीन वेळा. सहाही वेळा तुम्ही कोरी म्हणालात."

तेवढ्यात आप्पासाहेब आले. त्यांनी वही घेतली, चष्मा कपाळावर चढवला.

"कडूबा, बाकीच्या दोन वाचणाऱ्यांना फायर दिसतंय. तुम्हाला दिसत नाही. म्हणजे एक तर माझं पॅनेल चुकलं, नाहीतर तुमचे डोळे गेले. खरं काय?"

"डोळ्याला काय झालंय? एकदम टकाटक."

"मग उद्या नीट बघा. तुम्हाला खरंच दिसत नसेल तर मी पॅनेल अडकवून ठेवीन, बंगळूरवाल्यांच्या शिव्या खाईन. वरती एखाद्या माणसाला आगीचा दिवा दिसला नाही, हे मला झेपायचं नाही. पण तुम्ही सांगाल तेच मी लिहिणार."

मामा मुकुंदवाडीला गेले आणि खोलीत दिवा न लावता बसून राहिले. तिथल्या मिणमिणत्या दिव्याचा त्यांना उपयोगही नव्हता.

दोनच वाटा होत्या. फायर दिसत नाही म्हणावं, तर आप्पासाहेब डोळे तपासायला पाठवणार आणि सगळं उघडं पडणार. दिसतं म्हणावं, तर मामांची नोकरी वाचत होती. बाकीच्या दोघांना दिसलंच आहे की. एका म्हाताऱ्याच्या वाचण्यानं विमान थोडंच पडतंय?

त्यांनी ठरवलं. उद्या आवाज आला नाही की 'फायर' म्हणायचं. मधे एखादी कोरी आली आणि फसलो तर फसलो, ऐकण्यात चूक झाली म्हणू.

गुरुवार. साडेबारा. खुर्ची, दार, घोंगडी.

अर्धा तास.

घंटी.

"बॅटरी."

"बॅटरी."

घंटी.

"आइस."

"आइस."

घंटी. घरघर थांबली…

आवाज आला नाही.

मामांनी कालचं ठरवलेलं आठवलं. "फायर," ते म्हणाले.

स्पीकरमधून काहीच नाही. बरोबर नाही, चूक नाही.



"चाचा," गुलशन म्हणाली. तिचा आवाज विचित्र झाला होता. "एकच काय ते सांगा. फायर का कोरी?"

"फायर म्हटलं की!"

"तुम्ही फायर म्हणालात. त्याच्यावर लगेच कोरी पण म्हणालात."

"म्या नाय म्हटलं."

मग अगदी हळू…

"चाचा… आत कोण आहे?"

मामांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. "कोण असणार? मीच हाय. लाव पुढचं."

तिनं घंटी वाजवली. पुन्हा आवाज आला नाही. मामा म्हणाले, "फायर," आणि या वेळी त्यांनीही ऐकलं. कुजबूज नव्हती. साध्या, चारचौघांत बोलायच्या आवाजात, त्यांच्या शब्दाला चिकटूनच कोणीतरी म्हणालं…

"कोरी."

"चाचा, मी पॅनेलची वायर काढलीय." गुलशनचा श्वास माइकवर आपटत होता. "वायर माझ्या हातात आहे. आत काहीच पेटलेलं नाही. तुम्ही बाहेर या."

घरघर थांबलेलीच होती. खोलीत आता कसलाच आवाज नव्हता.

आणि मग आवाज सुरू झाला.

"ऑइल."

मामा उठले.

"पंप. डोअर. बॅटरी."

बंद पॅनेल कोणीतरी वाचत होतं. डाव्या बाजूनं.

"आइस. फ्युएल. जनरेटर."

सात झाले. आठव्याला आवाज थांबला. वाट बघितल्यासारखा थांबला. मग पुन्हा पहिल्यापासून.

"ऑइल. पंप. डोअर."

मामा दाराकडं धावले. निदान ज्या बाजूला दार असेल असं वाटलं तिकडं. हाताला काळी भिंत लागली. भिंतीवरून चाचपत गेले, तर कोपरा. कोपऱ्यातून पुढं, तर पुन्हा भिंत. दहा वर्षं त्या खोलीत बसलेला माणूस, पण घोंगडी सापडेना.

आवाज आता मागून येत होता. आधी खुर्चीपाशी होता. आता खुर्चीच्या अलीकडं.

"बॅटरी. आइस. फ्युएल. जनरेटर."

थांबला.

मामांच्या उजव्या कोपराला कोणीतरी धरलं.

घट्ट नाही. आंधळ्याला रस्ता ओलांडायला मदत करताना धरतात, तसं. बोटं कोरडी होती आणि भर मे महिन्यात पहाटेच्या पत्र्यासारखी गार.

मामांना ओरडायचं होतं, पण तोंडातून वारा निघाला. त्या हातानं त्यांना वळवलं. चार पावलं चालवलं. तोंडाला घोंगडीचा खरबरीत केस लागला.

दार बाहेरून उघडलं.

दुपारचं पांढरं ऊन एकदम डोळ्यांत घुसलं आणि मामा उंबऱ्यातच खाली बसले. त्यांना काही दिसत नव्हतं. गुलशनला मात्र दिसलं. तिनं पुढं बऱ्याच दिवसांनी मला सांगितलं. मामा बाहेर आले तेव्हा त्यांचा उजवा कोपर अंगापासून लांब, वर उचललेला होता. सदऱ्याची बाही त्या जागी दाबलेली होती. आणि ते खाली बसल्यावर ती बाही सावकाश सैल झाली…

आवाज कोणाचा होता, हे तिनं मामांना विचारलं नाही. पोरीला बापाचा आवाज सांगावा लागत नाही.

आप्पासाहेब पाण्याचा तांब्या घेऊन आले. मामांनी पाणी प्यायलं नाही. तांब्या हातात धरून म्हणाले, "साहेब, फायर मला दिसलं नाय. फायरच काय, संक्रांतीपासनं मला अंधारात काहीच दिसत नाय. तीन दिवस म्या खोटं बोललो."

"मग दोन दिवसांत साठातले चोपन्न बरोबर कसे आले?"

मामांनी गुलशनकडं बघितलं. गुलशन वहीकडं बघत होती.

"एक फायर तेवढं चुकलं," आप्पासाहेब पुन्हा म्हणाले. "बाकी एक नाही. आंधळ्या माणसाला हे कसं जमतं, कडूबा?"

तेव्हा गुलशन बोलली. अगदी हळू.

"अब्बांना लाल रंग कमी दिसायचा, साहेब. अम्मी त्यांना टमाटे आणायला कधी पाठवायची नाही. सगळे कच्चे उचलून आणायचे. त्यांनाच ते माहीत नव्हतं… आपल्याकडं लाल अक्षरं कधी आलीच नव्हती ना."

आप्पासाहेब खुर्चीत बसले. भुताखेताबद्दल त्यांनी एक अक्षर काढलं नाही. नंतर म्हणाले ते फक्त पॅनेलबद्दल. "शंभरातल्या सात-आठ पुरुषांना लाल कमी दिसतो. मला माहीत होतं. आणि मी मुरलेल्या डोळ्यांसमोर गडद लाल ठेवला, तोही बाकीच्यांबरोबर मंद केला. ही चूक माझी आहे."

शुक्रवारी बंगळूरची माणसं रिकाम्या हातानं गेली, शिव्या देऊन. पुढं ते घर नारिंगीकडं झुकलेलं केलं, अक्षरं जाड केली, आणि आगीचा दिवा एका मर्यादेच्या खाली मंद होणारच नाही अशी सोय केली. महिन्याभरानं पॅनेल गेलं.

मामांची नोकरी गेली. आप्पासाहेबांनी हार घातला, नारळ दिला, सगळं रीतसर.

मामा गावी गेल्यावर गुलशन एकदा सुट्टीच्या दिवशी वर्कशॉप उघडून त्या खोलीत बसली. दोन तास. पॅनेल नाही, घंटी नाही. बाहेर आली ती रडलेली नव्हती, चिडलेली होती.

"मुझसे नहीं बोले," एवढंच म्हणाली. "तिथं कोणी नाहीच आता."

हे तिनं मला सांगितलं तेव्हा मला वाटलं, चला, मिटलं.

सहा वर्षांनी, म्हणजे २००३ च्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, मी देवगावला गेलो. माझ्या थोरलीचं लग्न ठरलं होतं, पहिली पत्रिका मामांना द्यायची होती. पोचायला दिवेलागण झाली. मामांची दिवसाची नजरही तोवर गेली होती. ओसरीच्या कोपऱ्यात बाजेवर बसलेले. आणि त्यांच्या डोक्यावर देवघरात असतो तसला, शून्याचा लाल बल्ब.

"ह्यो एक नखरा बघा," दगडाबाई चहा ठेवता ठेवता म्हणाल्या. "दिवस बुडाला की लाल बल्ब. त्यो लागल्याबगर घास उतरत नाय घशाखाली. आंधळ्याला दिवा कामून पाहिजे, म्या म्हणते!"

त्या आत गेल्यावर मामांनी मला जवळ बोलावलं.

"दिवा माझ्यासाठी नाय रे."

"मग कोणासाठी?"

"लाल उजेडात त्याला काय दिसत नाय. दिसलं नाय की गप बसतो. तेवढंच मला बरं वाटतं." ते थांबले. "दिवसभर लई वाचतो रे. एसटीची पाटी, कॅलेंडर, पोरांची दप्तरं… जे समोर येईल ते. नको म्हणलं तरी थांबत नाय."

मी काहीतरी बोलायचं म्हणून पत्रिका पाकिटातून बाहेर काढली.

आणि वीज गेली.

गावात त्या काळी रोजच जायची. पण ओसरीवर असा काळोख झाला की माझा हात मला दिसेना. आत दगडाबाई काडेपेटी शोधत भांडी आदळत होत्या. मी पत्रिका हातात धरून तसाच बसलो होतो.

"हलू नको," मामा म्हणाले.

आतला भांड्यांचा आवाज बंद झाला. अंगणातले रातकिडे बंद झाले. एकाच वेळी.

मग मामा बोलू लागले. सपाट, सावकाश, ऐकून सांगावं तसे. मधे मधे थांबत.

"आमचे येथे… श्रीकृपेकरून… शुक्रवार दिनांक पंचवीस एप्रिल… दुपारी बारा वाजून एकोणचाळीस मिनिटं… या शुभमुहूर्तावर…"

मी तारीख सांगितली नव्हती. देवगावात कोणालाच सांगितली नव्हती.

ते वाचत गेले. मंगल कार्यालयाचा पत्ता, माझे चुलते, आत्या, निमंत्रकांची नावं, आहेर स्वीकारला जाणार नाही, आणि अगदी तळाशी मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत छापलेलं छापखान्याचं नाव. ते वाचायला मला स्वतःला चष्मा लागतो.

मग थांबले. वाट बघितल्यासारखे थांबले.

"का रे," शेवटी म्हणाले, "पोरीचं नाव छापायचं राहिलं का? आणि नवऱ्याचंही?"

माझ्या हातातल्या पत्रिकेवर मधोमध दोघांची नावं होती. अंगठ्याएवढ्या अक्षरांत. लाल शाईनं.



विचारणारे मामा होते का दुसरं कोणी, हेच मला कळेना.